सुरकुत्यांचा कोबी: उत्तरा नक्षत्रात बी, चित्रेत लावण

सॅव्हॉय कोबी आपल्याकडे येतो का, असं विचारलं की दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, ‘तो थंड मुलखातला, इथं गड्डाच धरत नाही.’ दुसरं, ‘कोबी तो कोबी, आपल्या गड्ड्याबरोबर लावून टाका.’ दोन्ही चूक. बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात तो चांगला येतो, निपाणी-चिकोडीकडे जपला तर येतो आणि अथणी-रायबागेकडे मोजक्या पंधरा-वीस दिवसांत लावला तरच येतो. खत, औषध, बियाण्याची जात हे सगळं नंतरचं. आधी तारीख.

नाव आलं ते फ्रान्स-इटलीच्या सरहद्दीवरच्या, आल्प्समधल्या सॅव्हॉय प्रांतावरून. म्हणजे तोही सीमाभागातलाच म्हणायचा. जात आपल्या कोबीचीच. फ्लॉवर, नवलकोल हे सगळे सख्खे भाऊबंद. फरक पानात. शिरांच्या मधला भाग शिरांपेक्षा जास्त वाढतो, त्याला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून तो फुगून वर येतो आणि पानभर सुरकुत्या पडतात. दिसायला देखणं, पण लागवडीतल्या निम्म्या अडचणी त्या सुरकुत्यांतूनच येतात. पाऊस पडला की पानावर पाणी साचतं. मावा आणि अळी खाचेत दडून बसतात आणि फवारा तिथवर पोचत नाही. पानं एकमेकांवर चपखल बसत नाहीत, म्हणून गड्डा सैल राहतो. साध्या कोबीचा अनुभव इथं कामाला येतो, पण या तीन ठिकाणी दगा देतो.

आता तारखेचं. कोबीच्या बियाला उगवायला २५ ते ३० अंश चालतं, किंबहुना तेच बरं. रोप, पानं वाढतानाही थोडी ऊब तो सोसतो. अडतं ते गड्डा भरताना. तेव्हा त्याला सरासरी १५ ते २० अंश हवं. दिवसा पारा ३० च्या वर आणि रात्रीही गरमच, अशी हवा राहिली की आतली पानं वळायचं सोडून उभी राहतात आणि हाताला पोकळ गड्डा लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत रात्री १३-१५ अंशांपर्यंत उतरतात आणि दिवस २८-३० च्या आत राहतात. वर्षातले आपल्या हातातले खरे थंड दिवस एवढेच, फार तर सहा-सात आठवडे. गड्डा भरायचं काम होईल तितकं या दिवसांत पडलं पाहिजे. म्हणून हिशेब उलटा करायचा, काढणीकडून पेरणीकडे.

लावणीपासून ८० दिवसांत येणारी जात धरा. पहिले ४० ते ४५ दिवस ती पानंच वाढवते, पुढचे ३५ दिवस गड्डा भरते. १० ते २० ऑक्टोबरला लावली तर नोव्हेंबरअखेर पानं आत वळायला लागतात आणि डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गड्डा हातात येतो. रोपाला २५ ते २८ दिवस लागतात, म्हणजे बी टाकायचं १३ ते २२ सप्टेंबरला. जुन्या भाषेत सांगायचं तर बी उत्तरा नक्षत्रात आणि लावण चित्रा नक्षत्रात. उत्तरा साधारण १३ सप्टेंबरला लागते, चित्रा १० ऑक्टोबरला, तारखा एखाद्या दिवसाने पुढेमागे. दुसरा हप्ता टाकायचा असेल तर हस्तात बी, स्वातीत लावण. गड्डा जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

याच्या अलीकडे जायला बऱ्याच जणांना मोह होतो, कारण डिसेंबरच्या सुरुवातीला माल आला तर बरा. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरकडे मघा-पूर्वात बी टाकून सप्टेंबरच्या मध्याला लावण करता येते. मात्र तिथं त्या दिवसांत पावसाची झड सुरूच असते, आणि हस्ताचा गडगडाटी पाऊस कोवळ्या रोपावर बसतो. पाण्याचा निचरा पक्का असेल तरच करावं. पलीकडचं टोक मात्र कडक आहे. ८० दिवसांची जात ५ नोव्हेंबरनंतर लावू नये. ६५-७० दिवसांची लवकर येणारी जात फार तर २० नोव्हेंबरपर्यंत. त्यापुढे लावलेलं पीक फेब्रुवारीच्या उन्हात सापडतं. गड्डा वरून बरा दिसतो, कापला की आत पानांच्या कडा तपकिरी. अथणी, रायबाग हा भाग खाली आणि कोरडा; तिथं ऑक्टोबर महिना तापतो, फेब्रुवारी लवकर तापतो. तिथं लवकर येणारीच जात घ्यावी आणि १५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर एवढ्यात लावण उरकावी.

भाताचं रान रिकामं झाल्यावर त्यात लावू, हा बेत बहुतेक वेळा फसतो. भात कापून, रान वाफशावर येऊन, ढेकळं फुटेपर्यंत नोव्हेंबर सरत येतो. ते रान मसूर, वाटाणा, हरभऱ्यालाच ठेवावं. सॅव्हॉयला खरीप बटाटा निघालेलं रान सर्वांत सोयीचं: माती आधीच भुसभुशीत, बटाट्याला दिलेल्या खतातलं थोडं शिल्लक, आणि बटाटा वेगळ्या कुळातला असल्यामुळे कोबीचे रोग पुढे सरकत नाहीत. ज्या रानात गेल्या दोन वर्षांत कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा किंवा मोहरी झाली असेल ते टाळावं. कडोली, कंग्राळी, उचगावच्या भाजीपट्ट्यात हे पाळणं अवघड आहे, कबूल. पण काळी कूज हा जीवाणूंचा रोग; ती रानात एकदा शिरली की त्याच रानातली पुढची लावणही तिच्या तावडीत सापडते.

बियाणं

साध्या कोबीची संकरित बियाणी कुठल्याही कृषी केंद्रात मिळतात, सॅव्हॉयचं पाकीट मात्र शोधावं लागतं. मिळतं ते बहुधा परदेशी मूळ असलेलं, लहान पाकिटात. घेताना तीन गोष्टी वाचाव्यात. पहिली, दिवस. लावणीपासून ६५ ते ८५ दिवस लिहिलेलीच जात घ्यायची. सॅव्हॉय किंग, सॅव्हॉय एस यांसारखे संकर उष्णता त्यातल्या त्यात सोसतात. जुन्या सरळ (संकरित नसलेल्या) जातींत चीफटन सॅव्हॉय आपल्याकडच्या शेतीपुस्तकांत वर्षानुवर्षं सापडते. ती थोडी उशिरा येते, म्हणून तिला पहिल्या हप्त्यातच बसवावी. जानेवारी किंग आणि तत्सम युरोपी हिवाळी जाती कितीही सुंदर दिसल्या तरी सोडून द्याव्यात. त्यांना पाचेक महिने लागतात आणि लांबलचक थंडी लागते. ती आपल्याकडे नाही.

दुसरी गोष्ट, दिवस कुठून मोजलेत. आशियाई कंपन्या बहुधा लावणीपासून मोजतात, युरोपी पाकिटांवर पुष्कळदा पेरणी ते काढणी असे आठवडे असतात. यात महिन्याचा फरक पडतो. पाकिटावर ‘मार्च ते मे पेरणी’ असं छापलेलं असलं तर त्याकडे दुर्लक्ष करावं, ते तिकडच्या हवामानाचं. तिसरी, उगवण चाचणीची तारीख. कोबीचं बी कोरड्या, थंड जागी तीन-चार वर्षं टिकतं, पण आपल्या पावसाळ्यात फोडलेलं पाकीट माळ्यावर ठेवलं तर एका मोसमात मरतं. उरलेलं बी सिलिकाच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवावं.

एका ग्रॅममध्ये साधारण २५० ते ३०० बिया. ६० बाय ४५ सेंटीमीटरवर गुंठ्याला पावणेचारशे रोपं बसतात, ४५ बाय ४५ वर पाचशेच्या आसपास. म्हणजे गुंठ्याला दोन ग्रॅम बी पुष्कळ झालं. घरचं बी धरायचा विचार मनात आणू नये. कोबीला फुलावर यायला १० अंशांच्या खाली दीड-दोन महिने काढावे लागतात, ते इथं होत नाही. त्यातून एक फायदाही होतो: अवेळी फुलावर जाण्याची भीती आपल्याकडे नाही.

बी औषध लावलेलं (रंगीत) नसेल तर गरम पाण्याची प्रक्रिया करावी, कारण काळी कूज बियातूनच घरात येते. बी पातळ कापडात सैल बांधून ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं, मग लगेच थंड पाण्यात, मग सावलीत सुकवायचं. थर्मामीटरशिवाय करू नये; ५५ अंशांवर बी शिजतं, ४५ वर जीवाणू मरत नाही. जुनं बी या प्रक्रियेत बरंच मरतं, म्हणून आधी वीस बिया करून बघाव्यात.

तरू

आपल्याकडे रोपाला तरूच म्हणतात. सप्टेंबरात पाऊस पूर्ण थांबलेला नसतो, म्हणून उघड्या वाफ्यापेक्षा ९८ खळग्यांचा प्रोट्रे (रोपांचा प्लास्टिक ट्रे) आणि वर आडोसा हे सोपं पडतं. एका ट्रेला सव्वा किलो धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) लागतो. त्यात किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) किंवा बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं ‘अर्का मायक्रोबियल कन्सॉर्शियम’ मिसळावं. बी अर्धा सेंटीमीटर खोल, एका खळग्यात एकच. ट्रे एकावर एक रचून वर प्लास्टिक झाकावं आणि तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघावं. कोंब डोकावला की त्याच दिवशी ट्रे मोकळे करायचे. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबडी, पिवळी, मानेत बारीक होतात, आणि तशी रोपं पुढे कधीच सरळ उभी राहत नाहीत.

गादीवाफा करायचाच असेल तर एक मीटर रुंद, किमान १५ सेंटीमीटर उंच, ओळीत ८-१० सेंटीमीटर अंतर. बी दाट टाकण्याची आपली जुनी सवय इथं नडते. दाट वाफ्यात हवा खेळत नाही आणि रोपं कोलमडतात. पाणी सकाळीच द्यावं. संध्याकाळी ओलं राहिलेलं रोप म्हणजे मर रोगाला बोलावणं. १२ व्या आणि २० व्या दिवशी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, झारीने. वर ४० मेशची कीटकजाळी असेल तर चौकोनी ठिपक्याचा पतंग (कोबीवरच्या हिरव्या अळीचा) रोपातच अंडी घालत नाही आणि पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

चार-पाच पानांचं, पेन्सिलीपेक्षा बारीक खोडाचं, २५-२८ दिवसांचं रोप लावायचं. शेवटचे चार दिवस पाणी कमी करून, जाळी काढून त्याला ऊन दाखवावं. पावसामुळे रान तयार नसेल तर बहुतेक जण रोप ट्रेमध्येच थांबवतात. ३५ दिवसांपर्यंत चालतं. चाळीस दिवसांचं, खोड लाकडी झालेलं, मुळं गुंडाळलेलं रोप फेकून द्यावं. ते जगतं, पण गड्डा मुठीएवढा राहतो.

रान आणि खत

मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.८ हवा. सांबरा, बाळेकुंद्रीकडच्या काळ्या मातीत त्याची फारशी काळजी नसते, तिथं काळजी निचऱ्याची. खानापूरकडच्या तांबड्या, जांभ्याच्या, भरपूर पाऊस खाणाऱ्या मातीत मात्र आम्लता असते. माती तपासणीत सामू साडेपाचच्या आसपास आला तर १०० चौरस फुटाला दोन ते अडीच किलो चुना किंवा डोलोमाईट लावणीआधी महिनाभर मिसळावा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी टाकू नये, नत्र वायू होऊन उडून जातं.

गुंठ्याला अडीचशे किलो कुजलेलं शेणखत. रासायनिक खत कोबीच्या हेक्टरी १५०:१००:१२५ या प्रमाणात धरलं तर गुंठ्याला दीड किलो नत्र, एक किलो स्फुरद, सव्वा किलो पालाश. पोत्यांच्या भाषेत: सिंगल सुपर फॉस्फेट सव्वासहा किलो, म्युरेट ऑफ पोटॅश दोन किलो, युरिया सव्वातीन किलो. डीएपी टाकलं तर हाताला हलकं पडतं, तरी इथं सुपर फॉस्फेटच घ्यावं, कारण त्यात गंधक येतं आणि कोबीकुळाला गंधक लागतंच. सुपर आणि पोटॅश सगळं लावणीला. युरिया निम्मा लावणीला, उरलेल्यातला अर्धा २० व्या दिवशी, अर्धा ३५-४० व्या दिवशी भर देताना. गड्डा वळायला लागल्यावर युरिया बंद. साध्या कोबीला शेवटचा युरिया देऊन वजन वाढवणारे पुष्कळ आहेत. सॅव्हॉयमध्ये त्याने पानं लुसलुशीत होतात, मावा तुटून पडतो आणि आतली कड जळते.

बोरॅक्स गुंठ्याला १०० ग्रॅम, चार घमेली चाळलेल्या शेणखतात कालवून सगळीकडे सारखं. बोरॉन कमी पडलं तर खोड आतून पोकळ आणि तपकिरी होतं. मापाबाहेर टाकलं तर ते विष, तेव्हा अंदाजाने मूठभर टाकायची ही गोष्ट नव्हे.

लावण

काळ्या रानात सरी-वरंबा करून वरंब्याच्या बगलेला, तांबड्या रानात ठिबक असेल तर गादीवाफ्यावर दोन ओळी. दाट लावून जास्त गड्डे काढू, हा हिशेब साध्या कोबीत जमतो. सॅव्हॉयची बाहेरची पानं आडवी पसरतात. ४५ सेंटीमीटरपेक्षा जवळ लावला तर पानं एकमेकांत अडकतात, दव दुपारपर्यंत सुकत नाही आणि करपा उतरतो. लावण ऊन कलल्यावर, चारनंतर. ट्रे स्यूडोमोनास या रोग रोखणाऱ्या मित्रजीवाणूच्या पाण्यात (लिटरला १० ग्रॅम) पंधरा मिनिटं बुडवून घ्यावा. रोप पहिल्या पानाच्या देठापर्यंत मातीत, पण मधला कोंब मातीखाली जाता कामा नये. मुळाशी अंगठ्याने दाबायचं; पान धरून हलकं ओढलं तर पान फाटावं, रोप उपटू नये, इतपत.

लगेच पाणी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी म्हणजे दुसरं हलकं पाणी, मग जमीन बघून. आठवड्याच्या आत नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरून घ्याव्यात, नंतर भरलेली रोपं मागेच राहतात. भांगलण विसाव्या आणि चाळिसाव्या दिवशी. कोबीची मुळं वरच्या वितभर थरात असतात, म्हणून चाळीस दिवसांनंतर खुरपं खोल चालवू नये. ३५-४० दिवसांनी बुंध्याला मातीची भर लावावी. याचं डोकं जड आणि खोड आखूड, वाऱ्याने कलंडतं.

परतीचा पाऊस संपला की उसाचं पाचट बोटभर जाडीने ओळीत अंथरावं. आपल्याकडे त्याला तोटा नाही. माती दुपारी गार राहते आणि दोन पाण्याच्या पाळ्यांमधलं अंतर वाढतं. घाई मात्र करू नये. ऑक्टोबरच्या पावसात पाचट टाकलं तर खाली गोगलगाई मुक्काम करतात आणि रात्रीत कोवळी रोपं साफ होतात.

पाणी

पाणी किती, यापेक्षा किती सारखं, हे महत्त्वाचं. ठिबकवर लहान रोपाला रोज अर्धा लिटर, गड्डा भरताना एक ते दीड लिटर पुरतं. पाटाने हलक्या रानात ५-६ दिवसांनी, काळ्या रानात ८-१० दिवसांनी. वीज नाही म्हणून आठ-दहा दिवसांचं पाणी पंधरा दिवसांवर गेलं आणि मग रान तुडुंब भरलं, की दोन गोष्टी होतात. तयार गड्डा फुटतो. आणि जो तयार नाही त्याच्या आतल्या पानांच्या कडा जळतात. ही जळलेली कड म्हणजे आतल्या पानात कॅल्शियम न पोचल्याची खूण. कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं आणि जिथून पाणी उडतं तिथंच जातं. गड्ड्यात झाकलेलं पान पाणी उडवत नाही, म्हणून ते उपाशी राहतं. कॅल्शियम नायट्रेटचा फवारा बाहेरच्या पानांवर मारून आत काही पोचत नाही. दुकानदार देतो म्हणून घेऊ नये. नत्र आवरणं आणि पाणी सारखं ठेवणं, एवढंच हातात आहे.

अळी, मावा आणि काळी कूज

चौकोनी ठिपक्याचा पतंग हा कोबीचा कायमचा पाहुणा. अळी छोटी, हिरवी. बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि रेशमाच्या तारेला लटकते. पानाचा वरचा पापुद्रा ठेवून खालचं खाते, त्यामुळे पानावर काचेसारखे ठिपके दिसतात. आपल्या हवेत पंधरा-वीस दिवसांत नवी पिढी तयार होते, म्हणून एकाच औषधाचे लागोपाठ फवारे मारले की ते औषध लवकरच बोथट होतं. बेंगळुरूच्या त्याच संस्थेने मोहरीच्या सापळा पिकाची पद्धत सांगितली आहे: कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीची जोडओळ, एक ओळ लावणीच्या १५ दिवस आधी, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी पेरायची, म्हणजे कोवळी मोहरी सतत उभी राहते. पतंग आणि मावा मोहरीवर जमतात, औषध तिथंच मारायचं. गुंठाभर रान असेल तर दोन्ही बांधांना मोहरी पुरे. मोहरी काळ्या कुजीलाही बळी पडते, तेव्हा तिच्यावर पिवळे डाग दिसले की उपटून टाकायची.

सॅव्हॉयवर फवारताना पाणी जास्त, थेंब बारीक आणि नोझल खालून वर. चिकटा घातल्याशिवाय फवारूच नये. पानावर मेण असतं, थेंब घरंगळून सुरकुतीच्या तळाला साठतो आणि बाकी पान कोरडंच. पहिले फवारे निंबोळी अर्काचे (५ टक्के), पुढे बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस लिटरला एक ग्रॅम, संध्याकाळी, कारण उन्हात ते निकामी होतं. अळी लहान असतानाच ते चालतं. तेवढ्याने आवरलं नाही तर स्पिनोसॅड किंवा इमामेक्टिन बेंझोएट, लेबलावरच्या मात्रेत, आळीपाळीने, आणि काढणीआधीचे थांबायचे दिवस पाळून. एकदा गड्डा मिटला की आत शिरलेल्या अळीला कुठलंच औषध गाठत नाही. लढाई पहिल्या ४५ दिवसांत जिंकायची.

निपाणीकडच्या लोकांना तंबाखूवरची पानं खाणारी अळी सांगायला नको. तीच इथं येते. पानाच्या मागे भुरकट केसाळ चकतीसारखा अंड्यांचा पुंजका दिसतो. तो पानासकट तोडला की दोनशे-तीनशे अळ्या एका हाताने गेल्या. लहान रोपाचा शेंडा जाळी करून खाल्लेला दिसला तर ती शेंडा पोखरणारी अळी. अशा रोपाला मग मोठा गड्डा लागत नाही, बगलेतून तीन-चार बारके कोंब फुटतात. ते रोप पहिल्या पंधरवड्यात बदलावं.

मावा पौषातल्या ढगाळ हवेत येतो आणि सुरकुत्यांत राखेसारखा भरतो. सुरुवातीला दोन-चार झाडांवरच असतो. तेवढीच पानं तोडून पिशवीत भरून रानाबाहेर न्यावीत, बाकीच्यांवर पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी साबण लिटरला ८-१० ग्रॅम. मावा गड्ड्याच्या आत गेला की तो माल विकायच्या लायकीचा राहत नाही.

काळी कूज ओळखायला सोपी: पानाच्या कडेपासून आत टोक असलेला इंग्रजी व्हीच्या आकाराचा पिवळा डाग आणि त्यातल्या शिरा काळ्या. देठ आडवा कापला तर काळं वर्तुळ. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून आणि ओल्या पानांतून फिरणाऱ्या माणसांच्या पायांतून ती पसरते. म्हणून दव असताना रानात शिरू नये, तुषार सिंचन करू नये. दिसलेलं झाड उपटून जाळावं, बाकीच्यांवर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम. बरं करणारं औषध नाही, फक्त पसरणं मंदावतं.

गड्डा कधी काढायचा

इथं सर्वांत जास्त नुकसान होतं ते सवयीमुळे. साधा कोबी अंगठ्याने दाबून दगडासारखा लागला की काढायचा, हे हातात बसलेलं असतं. सॅव्हॉय तसा कधीच लागत नाही. घट्ट व्हायची वाट बघत बसलं की तो एका पाण्यानंतर तडकतो. गड्डा १५-१८ सेंटीमीटर रुंद झाला, दाबल्यावर उशीसारखा दबून परत वर येतो आणि माथ्यावरचं पान किंचित मागे उलटायला लागलं, की काढायचा. वजन ७०० ग्रॅम ते सव्वा किलो. सगळे एकदम तयार झाले आणि गिऱ्हाईक चार दिवसांनी येणार असेल तर झाड दोन्ही हातांनी धरून पाव फेरा फिरवावं. काही मुळं तुटतात, पाणी ओढणं कमी होतं आणि फुटणं आठवडाभर लांबतं. काढणी सकाळी, बाहेरची दोन-तीन पानं ठेवून. सावलीत तो दोन-तीन दिवस राहतो, फ्रीजमध्ये दीड-दोन आठवडे. साध्या कोबीइतका टिकाऊ नाही.

विक्रीचा विचार लावणीआधी करावा. अडतीवर वजनाचा भाव असतो आणि हा माल आकाराने मोठा, वजनाने हलका. त्यात सुरकुत्या बघून रोगट म्हणून बाजूला काढला जाण्याची शक्यता. चोर्ला घाटातून गोव्याला आपली भाजी जातेच. तिथल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना तो ओळखीचा आहे. नगावर भाव ठरवणारं गिऱ्हाईक आधी बोलून ठेवावं, आणि पहिल्या वर्षी अर्ध्या गुंठ्यापेक्षा जास्त लावू नये.

विकायचं नसेल, नुसतं घरापुरतं हवं असेल, तर गच्चीवर १५-१८ लिटरच्या पिशवीत एक रोप छान येतं. अर्धी तांबडी माती, बाकी शेणखत आणि कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. पिशवी दुपारी तापते, म्हणून दोन पिशव्या एकमेकींना चिकटवून, कडेला पोतं गुंडाळून ठेवाव्यात. दुपारच्या उन्हाला ३५ टक्क्यांची जाळी चालते, सकाळचं ऊन अडवू नये.

चिरण्याआधी पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवावीत, खाचेतलं जे काही असेल ते वर येतं. शिजायला साध्या कोबीपेक्षा कमी वेळ लागतो आणि उग्र वास कमी. हरभऱ्याच्या डाळीबरोबर डाळ आधी शिजवून कोबी शेवटी टाकावा, नाहीतर त्याचा लगदा होतो. बाहेरच्या मोठ्या पानांचा मधला जाड देठ तासून बेसन थापलं तर अळूसारखी वडी होते, आणि पीठ सुरकुत्यांत धरून राहत असल्यामुळे उकडताना सुटत नाही.